२१ नोव्हेंबर हाच मच्छीमार दिन का? सोसायटीच्या सभेत बोलायचंय, मदत हवी

तांडेलाचा नातू

नमस्कार मंडळी. मी पालघर जिल्ह्यातला. आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीत यंदा सहसचिव झालोय. दरवर्षी २१ नोव्हेंबरला आम्ही जागतिक मच्छीमार दिन करतो. बॅनर, होड्यांना हार, खात्याच्या साहेबांचं भाषण, योजनांची पत्रकं, जाळं विणायची स्पर्धा आणि जेवण. सकाळी १० ला सुरू, १ वाजता सगळं आटोपतं.

यंदा अध्यक्ष म्हणाले, तू शिकलेला आहेस, दहा मिनिटं बोल. मी तयारीला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. २१ नोव्हेंबरच का? नेटवर शोधलं तर शुभेच्छांची चित्रं तेवढी मिळाली. आजोबांना विचारलं (वय ८४, चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते), तर म्हणाले, "दिल्लीला झालं होतं कायतरी, डंकेलच्या वेळचं. आपली माणसं गेली होती." पुढचं त्यांना आठवेना.

दुसरी गोष्ट. मागच्या बैठकीत डिझेलवरच्या कराच्या परताव्यावरून वाद झाला. एक जण म्हणाला की जिनिव्हाला करार झालाय, आता परतावा बंद होणार. दुसरा म्हणाला, जिनिव्हाचा आणि आपल्या बंदराचा काय संबंध? मलाही उत्तर देता आलं नाही. कुणाला खरं माहीत असेल तर सांगा. ऐकीव नको, सभेत बोलायचंय.

खाडीपलीकडे

युनोने जाहीर केलेला दिवस असेल. महिला दिन, पर्यावरण दिन असतात तसा. मला नक्की माहीत नाही, जाणकार सांगतील.

वलांडीवरची

युनोने दिलेला नाही, बाळा. हा दिवस मासे धरणाऱ्यांनीच ठरवला, आणि तो ठरला तेव्हा मी तिथे होते. मी अर्नाळ्याची. तेव्हा तिशीत होते, आता साठीला टेकले. लांबेल, पण तू खरं माहीत असणाऱ्याला विचारलंस म्हणून लिहिते.

आजोबांनी "डंकेलच्या वेळचं" म्हटलं ते अगदी बरोबर. डंकेल म्हणजे जागतिक व्यापार कराराचा मसुदा करणारे साहेब. १९९१ साली सरकारने खोल समुद्रातल्या मासेमारीचं नवं धोरण आणलं. परदेशी कंपनीने इथल्या कंपनीशी भागीदारी करायची, नाहीतर बोट भाड्याने द्यायची, आणि आपल्या २०० सागरी मैलांच्या पट्ट्यात मासे धरायचे. मासळी बोटीवरच गोठवायची आणि तिथूनच बाहेर पाठवायची. ती ना आपल्या बंदराला लागणार, ना कुणा कोळणीच्या पाटीत पडणार. त्या वेळी सगळीकडे हेच वारं होतं, बाजार उघडा करा, परकीय चलन आणा. शेतकऱ्याला बियाण्याची धास्ती होती, गिरणीवाल्याला आयात कापडाची. आमच्याकडे हा उघडा बाजार थेट पाण्यावर आला, बोटीचं रूप घेऊन.

साहेबलोक म्हणायचे, तुम्हाला कशाची चिंता, तुमच्या होड्या तिथवर जातच नाहीत. आता तू डोलीवाल्यांच्या गावचा, तुला सांगायला नको. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं, एका जागी खुंटांना बांधलेलं. भरतीओहोटीच्या पाण्याबरोबर जे वाहत येतं ते तिच्यात शिरतं. आपण माशाच्या मागे धावत नाही, मासा आपल्याकडे येतो. वाटेतच तो कुणी उचलला तर डोल रिकामी वर येते, आणि कुणी उचलला ते आपल्याला दिसतसुद्धा नाही. खोल पाणी आणि उथळ पाणी यांच्यामध्ये काही कुंपण घातलेलं नाही. लहानपणी किनाऱ्याजवळ वाढणारी कितीतरी मासळी मोठी झाली की आत, खोल पाण्यात जाते.

मग आंदोलन उभं राहिलं. राष्ट्रीय मच्छीमार मंच (इंग्रजीत नॅशनल फिशवर्कर्स फोरम) पुढे होता, त्याचे अध्यक्ष फादर थॉमस कोचेरी. केरळचे, धर्मगुरू आणि वकील दोन्ही. आपल्या महाराष्ट्र मच्छीमार कृती समितीची माणसं त्यात होती. १९९४ च्या ४ फेब्रुवारीला देशभर बंद झाला, पुन्हा नोव्हेंबरमध्ये दोन दिवसांचा. नोव्हेंबर म्हणजे ऐन हंगाम. वलांड्या, म्हणजे बोंबील सुकवायच्या दोऱ्या, बोंबलांनी भरलेल्या असायच्या त्या दिवसांत दोरा न् दोरा रिकामा. सासूबाई सकाळी सवयीने उठून वलांडीपाशी गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या, ते मला अजून दिसतं. घरात रोकड नव्हती, पण एकही होडी पाण्यात गेली नाही.

१९९५ च्या मे महिन्यात कोचेरी पोरबंदरला उपोषणाला बसले. त्यानंतर सरकारने जी समिती आधीच नेमली होती तिच्यात मच्छीमारांचे प्रतिनिधी घेतले. हीच मुरारी समिती, पी. मुरारी तिचे अध्यक्ष. फेब्रुवारी १९९६ मध्ये तिने २१ शिफारशी दिल्या. पहिलीच मोठी होती: या परदेशी भागीदारीच्या, भाडेपट्टीच्या बोटींचे परवाने रद्द करा, नवीन देऊ नका. १९९७ मध्ये सरकारने अहवाल स्वीकारला. सभेत हे ठासून सांग. उघड्या बाजाराचं एवढं मोठं धोरण, आणि ते परत घ्यायला लावलं होडीवाल्यांनी आणि पाटीवाल्यांनी.

आता दिल्लीचं सांगते. ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपने आपली मासळी घ्यायची थांबवली, कारखान्यांत स्वच्छता नाही म्हणून. कोलंबी सोलायच्या शेडमध्ये आमच्या ओळखीच्या पंधरा-वीस बायका जायच्या. एका रात्रीत त्यांचा रोज बुडाला. ज्या एजंटाला मी कोलंबी घालायचे त्याने मागचे पैसेही दिले नाहीत, वर म्हणाला, युरोपला जाऊन माग. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझी टोपली किती लांबच्या दोरीला बांधलेली आहे. एकीकडे बाहेरच्या बोटी नकोत म्हणून आपण लढतोय आणि दुसरीकडे बाहेरच्या गिऱ्हाइकाने तोंड फिरवलं की आपली चूल विझते.

त्यामुळे नोव्हेंबरमध्ये दिल्लीला जगभरचे मच्छीमार जमणार आहेत आणि आपल्याकडून बायकाही जाणार आहेत असं कळलं तेव्हा मी नाव दिलं. घरात भांडण झालं, ते सोड. धाकट्याला आईकडे ठेवला. रेल्वेने गेलो. दिल्लीची थंडी आम्हाला कुठली माहीत असणार, अंगावर दोन-दोन साड्या आणि वर शाल. शिदोरीला सुके बोंबील आणि तांदळाच्या भाकऱ्या.

तिथे मला वाटलं होतं की आपण सांगायचं, तुमच्या बोटी आमच्याकडे पाठवू नका, आणि ते ऐकतील. परदेशी म्हणजे त्या बोटींवालेच ना! पहिल्याच दिवशी तो समज गळून पडला.

कॅनडाचे लोक आले होते. त्यांच्याकडे न्यूफाउंडलंड म्हणून भाग आहे. तिथे पाचशे वर्षं कॉड नावाचा मासा धरत आले. आधी बाहेरच्या देशांची मोठी ट्रॉलर, म्हणजे मागे जाळं ओढत जाणारी जहाजं, यायची. १९७७ मध्ये कॅनडाने २०० मैलांची हद्द आखून त्यांना लांब सारलं. लोकांना वाटलं, सुटलो. मग त्यांच्याच देशातल्या कंपन्यांनी तशीच ट्रॉलर बांधली आणि समुद्र खरवडला. २ जुलै १९९२ ला सरकारने कॉडची मासेमारी बंद केली, कारण मासाच उरला नव्हता. तीसेक हजार माणसं बेकार झाली. गावंच्या गावं उठली. हे सांगणारा एक उंच, लाल हातांचा माणूस होता. त्याचे हात बघ, आपल्या तांडेलासारखेच, दोरीने कापून जुने झालेले वण. तो बोलताना मध्येच थांबला आणि हिंदीत सांगणारी मुलगीसुद्धा गप्प राहिली. त्याचं म्हणणं असं होतं की तुम्ही परदेशी बोटी घालवल्यात, चांगलं केलंत, पण आमची चूक करू नका. बोटीवरचा झेंडा बदलला म्हणून जाळ्याचा आस (भोक) मोठा होत नाही. हे मी माझ्या शब्दांत सांगतेय, तो इंग्रजीत बोलला. अठ्ठावीस-तीस वर्षं झाली, मी ते विसरलेले नाही.

आणि सेनेगलची एक बाई होती. पश्चिम आफ्रिकेतला देश. त्यांच्या सरकारने युरोपशी करार करून पैशांच्या बदल्यात त्यांचा समुद्र युरोपच्या बोटींना दिलेला. ती फ्रेंच बोलायची, कुणीतरी इंग्रजी करायचं, कुणीतरी हिंदी, आणि आमच्यातली एक जण मराठी. चौथ्या हाताला अर्थ पोचायचा. जेवणाच्या सुट्टीत मी बोंबलाची पुडी सोडली. तिने एक उचलला, नाकाशी नेला, मोडून बघितला, आणि हसली. मग दोन्ही हातांनी हवेत आडव्या काठ्या दाखवल्या, त्यांच्यावर काहीतरी पसरल्यासारखं केलं. त्यांच्याकडेही बायकाच मासळी सुकवतात, लाकडी माच्यांवर पसरून. मी आमची वलांडी दाखवली, दोन खांब आणि मध्ये दोऱ्या, त्यांवर जोडीजोडीने अडकवलेले बोंबील. तिने तोंड पाडून बोटांनी दाखवलं, माच्या आहेत, वर ठेवायला मासळी नाही. हे समजायला दुभाषी लागला नाही.

त्या सभेत ३० च्या वर देशांची माणसं होती. २१ नोव्हेंबर १९९७ ला मच्छीमारांचा जागतिक मंच स्थापन झाल्याचं जाहीर झालं आणि तोच दिवस दरवर्षी पाळायचा असं ठरलं. हे तुझं उत्तर. योजनांची पत्रकं वाटायला हा दिवस जन्मला नव्हता.

दमले. जिनिव्हाचं उद्या लिहिते.

सुशेगाद नाही

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी गोव्याचा, बाणावलीकडचा. एक भर घालतो, कारण सुरुवात १९९१ च्याही आधीची आहे.

सत्तरच्या दशकात आमच्याकडे कर्ज आणि अनुदान देऊन ट्रॉलर आणले. कशासाठी? कोलंबीसाठी, जी जपान-अमेरिकेला जायची. माझे आजोबा रापणकार. रापण म्हणजे भलं लांब जाळं. होडीने समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकं धरून वाळूवरून ओढायचं. तीस-चाळीस माणसं लागायची, आणि ओढायला हात लावला त्या प्रत्येकाला वाटा, म्हाताऱ्यालाही, विधवेच्या पोरालाही. ट्रॉलर किनाऱ्याला खेटून फिरायला लागले तशी रापण वाळू घेऊन यायला लागली. माथानी साल्ढाणा या शाळामास्तरांनी रापणकारांना एकत्र केलं, "गोंयच्या रापणकारांचो एकवट". पुढे १९७८ मध्ये देशभरच्या छोट्या मच्छीमारांचा मंच झाला तेव्हा त्याचं नेतृत्व माथानींकडेच होतं. तुम्ही म्हणता तो राष्ट्रीय मंच तो हाच.

म्हणजे त्या कॅनडावाल्याने सांगितलेली गोष्ट आमच्या वाळूवर आधीच घडून गेली होती. बोटी आपल्याच होत्या, मालकही गोंयकार. भूक मात्र बाहेरच्या बाजाराची.

मिरकरवाड्याचा

सगळं आदराने वाचलं. पण दुसरी बाजू सांगणं भाग आहे. मी रत्नागिरीचा, घरची पर्ससीन बोट आहे, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांचा थवा घेरून धरणारी. निर्यात होती म्हणून आमच्या घरावर स्लॅब पडला, बहीण इंजिनीअर झाली. म्हाकूल (स्क्विड) पूर्वी कोण खात होतं आपल्याकडे? फेकून द्यायचो किंवा खताला जायचं. आज त्यालाच दर मिळतो, कारण ते बाहेर जातं. तेव्हा खुला व्यापार म्हणजे राक्षस असं सभेत पोरांना सांगू नका. आणि दर वेळी मोठ्या बोटवाल्याला शत्रू करायचं हेही बरोबर नाही. बँकेचा हप्ता आम्हालाही आहे, खलाशांचे आगाऊ पैसेही आम्हीच देतो.

वलांडीवरची

मिरकरवाड्याचा, तू स्पष्ट लिहिलंस ते बरं केलंस. म्हाकलाचा दर मी नाकारत नाही, मीही विकलंय. हप्त्याचंही खोटं नाही. पण एक विचार. तुझा दर वाढला म्हणून तू मोठी बोट घेतलीस, शेजाऱ्याने त्याहून मोठी घेतली, मग रात्री दिवे लावून मासे गोळा करायला लागले. ५ फेब्रुवारी २०१६ ला सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले, ते कुणा अर्नाळकरणीच्या शापाने नाही. राज्यात बांगडा-तारली कुणाच्या वाट्याला किती येते ते तुम्ही आमच्याहून जास्त जाणता. बाजार बाहेरचा असला की त्याची भूक आपल्या समुद्राच्या मापाची नसते, एवढंच माझं म्हणणं. माल पाठवायला माझी ना नाही. किती धरायचं आणि कोणत्या जाळ्याने, हे किनाऱ्यावर ठरावं.

आता नातवाचा दुसरा प्रश्न, जिनिव्हा.

जागतिक व्यापार संघटनेत २००१ पासून मासेमारीच्या अनुदानांवर बोलणी चालू होती. कारण खरं आहे: काही देश आपल्या अवाढव्य बोटींना एवढं अनुदान देतात की त्या जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन समुद्र उपसतात. ते बंद व्हायलाच हवं, सेनेगलच्या त्या बाईसाठी तर नक्कीच. पण व्यापाराच्या टेबलावर बसलं की अनुदान म्हणजे अनुदान. हजारो मैल जाणाऱ्या बोटीचं आणि आपल्या सहा सिलिंडरच्या होडीच्या डिझेलवरच्या कराचा परतावा, दोन्ही एकाच तागडीत. म्हणून मच्छीमारांच्या जागतिक संघटनांनी सुरुवातीपासून म्हटलं, मासेमारी त्या संघटनेच्या बाहेर ठेवा. समुद्राचा निवाडा व्यापाराच्या कोर्टात नको.

जून २०२२ मध्ये जिनिव्हात करार झाला. त्या वेळी आपल्या देशाच्या किनारी राज्यांतले मच्छीमार तिथे गेले होते, बाहेर फलक घेऊन उभे राहिले होते. भारत सरकारनेही २५ वर्षांची मुदत मागितली. झालेल्या करारात बेकायदा मासेमारीला अनुदान नाही, अतिमासेमारीने संपत आलेल्या साठ्यांवर अनुदान नाही, आणि कुणाच्याच नियमाखाली नसलेल्या खुल्या समुद्रात अनुदान नाही. १५ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला, पण मान्यता देणाऱ्या देशांपुरता. ज्या दुसऱ्या भागात बोटींची ताकद वाढवणाऱ्या सगळ्या अनुदानांचा प्रश्न येतो, म्हणजे आपल्या डिझेलचाही येऊ शकतो, त्यावर फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये अबुधाबीला एकमत झालं नाही. तेव्हा "परतावा बंद झाला" असं कुणी सांगत असेल तर ते चूक. आणि "जिनिव्हाचा काय संबंध" म्हणणाराही चूक. तुझ्या सोसायटीच्या वहीतली एक ओळ त्या टेबलावर आहे.

खाडीपलीकडे

मी चुकीचं सांगितलं होतं, माफ करा. एक विचारू का? तो जागतिक मंच अजून आहे का? की एकदा जमले आणि विरले?

आणि परदेशी बोटी खरंच गेल्या का? २०१४-१५ च्या सुमारास आमच्या बंदरात पुन्हा मोर्चा झालेला आठवतो.

वलांडीवरची

दोन्हींचं खरं खरं सांगते, लपवण्यासारखं काही नाही.

मंच फुटला. ऑक्टोबर २००० मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर लॉक्ट्युडी नावाच्या बंदरात घटना ठरवायची सभा होती. तिथेच दोन तुकडे झाले. कोचेरी दुसऱ्या गटात, ज्याचं इंग्रजी नाव वर्ल्ड फोरम ऑफ फिशर पीपल्स. बातमी आली तेव्हा मी रडले. दिल्लीत चार-चार भाषांतून एकमेकांशी बोलायला आमची ओढाताण झाली होती, आणि तीन वर्षांत हे. आजही दोन संघटना आहेत. पण पुढे दोघी एका कामाला लागल्या, छोट्या मच्छीमारांसाठी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं करून घ्यायच्या. देशोदेशी बैठका झाल्या, किनाऱ्यावर जाऊन विचारलं गेलं. युनोच्या अन्न आणि शेती संघटनेने ती जून २०१४ मध्ये मान्य केली. जमिनीइतकाच पाण्यावरचा आणि किनाऱ्यावरचा हक्क, सुकवणाऱ्या-विकणाऱ्या बायकांना मच्छीमार म्हणून मोजणं, हे त्यात लिहिलेलं आहे.

त्या कामात चेन्नईच्या चंद्रिका शर्मा होत्या, मच्छीमारांना साथ देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कार्यकारी सचिव. मार्च २०१४ मध्ये मलेशियाचं जे विमान नाहीसं झालं, त्यात त्या होत्या. तीन महिन्यांनी तत्त्वं मान्य झाली ती त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहेत. त्याच वर्षी ३ मे ला कोचेरीही गेले. नातवा, तुझ्याकडे वेळ असेल तर ही दोन नावं घे.

बोटींचं: गेल्या आणि मागच्या दाराने आल्या. २००२ मध्ये "लेटर ऑफ परमिट" नावाची योजना काढली, परदेशात बांधलेल्या बोटी भारतीय कंपनीच्या नावावर. झेंडा आपला! कॅनडावाल्याचे शब्द तेव्हा मला शब्दशः आठवले. २०१४ मध्ये मीनाकुमारी समितीने ती योजना पुढे चालवायची शिफारस केली तेव्हा तू म्हणतोस ते मोर्चे निघाले. मीही गेले होते, गुडघे दुखत होते तरी. २०१७ मध्ये ती योजना बंद झाली.

तांडेलाचा नातू

मावशी, काय बोलू. रात्री आजोबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. कॅनडाच्या माणसाच्या हातांपाशी त्यांनी मला थांबवलं आणि स्वतःचे हात उलटे करून बघितले. मग म्हणाले, ९४ च्या बंदात आपली होडी पहिली ओढली होती वर. हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

मी भाषण असं ठरवलंय: आधी रिकाम्या वलांडीचा बंद, मग मुरारी समिती, मग दिल्ली, आणि शेवटी डिझेलच्या परताव्याचं नेमकं काय झालंय ते. तुमचं नाव न घेता "अर्नाळ्याच्या एक मावशी" म्हणू का?

मिरकरवाड्याचा दादा, तुमचा म्हाकलाचा मुद्दाही मांडणार आहे. आमच्याकडेही दोघांच्या पर्ससीन आहेत, ते समोरच बसलेले असतील.

मिरकरवाड्याचा

मांड की. आणि मावशींनी विचारलेलंही मांड, किती धरायचं ते. घरी वडिलांशी यावरूनच माझं काल रात्री वाजलं. ते म्हणतात, १५ वर्षांपूर्वी चार तासांवर जो बांगडा मिळायचा त्याला आता अकरा तास जावं लागतं. डिझेल तेवढंच जास्त जळतं. हे मी वर लिहायला हवं होतं.

सुशेगाद नाही

रापणीबद्दल बोलायचं झालं तर वाट्याची पद्धत नक्की सांग. ओढायला आला त्याला वाटा. आमच्या गावात दोन रापणी अजून आहेत, आता बहुतेक रविवारी, बाहेर नोकरीला गेलेली पोरं घरी असतात तेव्हा.

वलांडीवरची

म्हण "अर्नाळ्याच्या एक मावशी", हरकत नाही. आजोबांना माझा नमस्कार सांग आणि त्यांना पुढच्या खुर्चीवर बसव. जमलं तर ९४ चं दोन मिनिटं त्यांनाच बोलू दे, तू मध्ये बोलू नकोस.

एक मागणं आहे. तू वर लिहिलंस की कार्यक्रम सकाळी १० ते १. त्या वेळेला तुमच्या गावातल्या बायका कुठे असतात ते आठव. अर्ध्या लोकलने मुंबईच्या बाजाराला गेलेल्या, अर्ध्या वलांडीवर बोंबील लावत असलेल्या. दिल्लीलाही पहिल्या दिवशी मंचावर सगळे पुरुषच होते. मधल्या सुट्टीत आम्ही बायकांनी एकत्र येऊन सांगितलं की मासळी किनाऱ्याला लागल्यावर पुढचं सगळं आम्ही करतो, तेव्हा आमच्याशिवाय ठराव व्हायचा नाही. दुसऱ्या दिवशी खुर्च्या सरकवल्या गेल्या. तुझ्या सभेला वेळ बदलता येईल का बघ.

तांडेलाचा नातू

अध्यक्षांशी बोललो. साहेबांना १० चीच वेळ सोयीची होती, ते म्हणाले दुपारी जमणार नाही, प्रतिनिधी पाठवतो. चालेल म्हटलं. सभा आता दुपारी ४ ला, ओट्यावर नाही, वलांड्यांच्या मैदानात. त्या दिवशीचा माल उतरवून झालेला असतो, ऊन कललेलं असतं. ध्वनिक्षेपकाला लांब वायर लागेल, ती शाळेकडून मागितलीय.

आई म्हणाली, ती पण बोलणार आहे. परताव्याचे पैसे जमा होईपर्यंत बर्फवाल्याची उधारी कशी फेडतात ते.